अगस्त्याच्या अंगणातली वाळू

माघ-फाल्गुनातल्या रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की व्याधाच्या बरंच खाली, क्षितिजाजवळ एक ठळक पांढरा तारा दिसतो. तो अगस्त्य. रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांत तेजाने व्याधाच्या खालोखाल त्याचाच मान. अख्खा समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचं नाव आपल्याकडे त्याला मिळालं आहे. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाने १९६५ सालच्या ‘ड्यून’ या कादंबरीत याच ताऱ्याभोवती फिरणारा तिसरा ग्रह कल्पिला, त्याचं नाव अराकिस ठेवलं, आणि त्याच्या आकाशातून पावसाचा थेंबही पडू दिला नाही. हर्बर्टला अगस्तीची गोष्ट ठाऊक असावी असं मानायला काही आधार नाही. योगायोगच तो, पण मराठी वाचकाला सोडून द्यावासा वाटत नाही.

ताऱ्याची निवड मात्र खगोलशास्त्राच्या दृष्टीने फसलेली आहे. अगस्त्य सूर्यापेक्षा कैक पटींनी जड आणि सुमारे दहा हजार पटींनी तेजस्वी. असे तारे उधळ्या स्वभावाचे; काही कोटी वर्षांत त्यांचं इंधन संपत येतं. पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा प्राणी घडायला काही अब्ज वर्षं लागली. त्या हिशेबाने अराकिसवर शेवाळदेखील धरलं नसतं, मग चारशे मीटर लांबीचे वाळूकिडे कुठून येणार! पण मला इथे हर्बर्टच्या चुका काढायच्या नाहीत. पाण्याविना ग्रह ही कल्पना त्याच्या हाती येईपर्यंत काय होती आणि त्याच्या हातून सुटली तेव्हा काय झाली होती, ते पाहायचं आहे.

ती त्याच्या हाती आली मंगळाकडून. १८७७ साली मिलानच्या वेधशाळेतून जोव्हानी शियापारेलीला मंगळावर सरळ रेषा दिसल्या. त्या रेषांना संपूर्ण कथानक जोडलं ते बॉस्टनच्या एका गडगंज घराण्यातल्या पर्सिव्हल लोवेलने. १८९४ मध्ये त्याने अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली आणि जगाला सांगितलं, की मंगळ म्हातारा झाला आहे, त्याचे समुद्र आटले आहेत, आणि तिथले शहाणे रहिवासी ध्रुवावरचा वितळलेला बर्फ कालव्यांनी विषुववृत्ताकडे आणत आहेत. वेधशाळेच्या आसपास अ‍ॅरिझोनाची वाळवंटं पसरलेली होती. लोवेलला त्यांत मंगळाच्याच आजाराची पहिली लक्षणं दिसत. ग्रह लहान असेल तर लवकर वाळतो, मोठा असेल तर उशिरा, पण वाळतात सगळेच, अशी त्याची ठाम समजूत होती.

डार्विनच्या जोडीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. १९०७ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहून लोवेलचे हिशेब उलगडले. मंगळ फार थंड आहे, हवा फार विरळ आहे, आणि उघड्या कालव्यातून इतक्या दूर पाणी नेणं हे शहाण्यांचं काम नव्हे, असा त्याचा सरळ मुद्दा. दोनच वर्षांनी पॅरिसजवळच्या म्यूदोनच्या मोठ्या दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ अँतोनियादीने पाहिलं, तर रेषांच्या जागी वेडेवाकडे ठिपके निघाले. विज्ञानाच्या दरबारात कालव्यांचा निकाल तिथेच लागल्यासारखा होता. गोष्टींच्या दुनियेत मात्र निकाल उलटा लागला. एच. जी. वेल्सने १८९८ मध्येच तहानलेल्या, थंडावत चाललेल्या मंगळावरून पृथ्वीवर स्वारी आणली होती. १९१२ पासून एडगर राइस बरोजने आटलेल्या समुद्रांच्या तळावर तलवारी खणखणवल्या. पुढची पन्नास वर्षं विज्ञानकथेतला कोरडा ग्रह म्हणजे मरणपंथाला लागलेला ग्रह, हे ठरूनच गेलं.

या सगळ्या लेखनात वाळवंटाला स्वतःचं असं काही नसतं. तिथे पूर्वी पाणी होतं आणि आता नाही, एवढीच त्याची ओळख. रणात काय जगतं, कशावर जगतं, एकाचं दुसऱ्यावाचून काय अडतं, हे कुणी विचारत नाही. बरोजच्या मंगळावर श्वासापुरती हवा कारखान्यात तयार होते. लेखकाला तेवढं उत्तर पुरतं.

हर्बर्ट आधी पत्रकार होता, हे इथे महत्त्वाचं. १९५७ मध्ये तो ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावी, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर गेला. तिथल्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत, रस्त्यांवर चढत, घरं गिळत, पाण्याच्या वाटा बुजवत. अमेरिकेच्या कृषी खात्याची माणसं त्या टेकड्यांवर एक चिवट युरोपीय गवत लावून त्यांना जागच्या जागी बांधून घालत होती. हर्बर्टने छोटं विमान भाड्याने घेतलं आणि वरून ते सारं पाहिलं. लाटांसारखी हलणारी वाळू आणि तिला मुळांनी धरून ठेवणारे लोक यावर त्याला मासिकासाठी लेख लिहायचा होता. त्याच्या साहित्यिक एजंटला विषयात दम वाटला नाही आणि लेख कधी पूर्णच झाला नाही. जमवलेली टिपणं वाढत गेली. वाळूवरून तो वाळवंटातल्या माणसांकडे वळला, माणसांवरून तिथे जन्मलेल्या धर्मांकडे. कथा आधी मंगळावरच घडवावी असं त्याच्या मनात होतं, पण मंगळाबद्दल वाचकांच्या डोक्यात आधीच इतकं भरलेलं होतं की त्याने तो नाद सोडला, अशी आठवण त्याच्या मुलाने नोंदवली आहे.

‘ड्यून’चा पहिला भाग डिसेंबर १९६३ पासून ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात क्रमशः आला. पुस्तक करायला वीसहून जास्त प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी ते छापलं चिल्टन या कंपनीने, जिची ओळख मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. ऑगस्ट १९६५ मध्ये पुस्तक आलं. त्याआधी जेमतेम काही आठवडे, जुलैच्या मध्यात, ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने एकवीस पूर्ण छायाचित्रं पाठवली. त्यांत कालवा नव्हता, आटलेला समुद्र नव्हता. चंद्रावर असतात तशी विवरं होती. लोवेलचा मंगळ ज्या उन्हाळ्यात कायमचा बुडाला, त्याच उन्हाळ्यात अराकिस वर आला. असं काही कादंबरीत घातलं तर संपादक खोडून टाकील.

अराकिसवरची वाळू ही उरलीसुरली गोष्ट नाही, ती तयार केली जाते. सँडट्राउट नावाचे चामड्यासारखे चपटे जीव जमिनीखाली पाणी दिसेल तिथे एकमेकांना चिकटतात, त्याला घेरून टाकतात आणि वर येऊ देत नाहीत. त्यांतलेच काही पुढे वाढून वाळूकिडे होतात. वाळूकिड्याला पाणी म्हणजे विष, तेव्हा त्याची बाल्यावस्था त्याच्यासाठी जग कोरडं करून ठेवते. याच चक्रात ‘स्पाइस’ तयार होतो. हा पदार्थ आयुष्य वाढवतो, आणि तो घेतल्याशिवाय ताऱ्यांमधली जहाजं हाकता येत नाहीत. ग्रहावर हिरवी पानं जवळपास नसताना श्वासाला प्राणवायू येतो, तोही किड्यांमुळेच. म्हणजे कोरडेपणा, किडे, स्पाइस, हवा आणि दूरच्या सम्राटाचं सिंहासन ही सगळी एकाच दोरीला बांधलेली. एक गाठ सोडली की बाकीच्या ढिल्या होतात. पुस्तकाची अर्पणपत्रिका कोरड्या भूमीचा अभ्यास करणाऱ्या पर्यावरणशास्त्रज्ञांच्या नावाने आहे, ती उगाच नव्हे.

हिशेब तपासला तर या चक्राला भोकं आहेत. सूर्याची ऊर्जा यात नेमकी कुठून शिरते ते कळत नाही. किड्यांचं अन्न किडेच पुरवतात असं काहीसं होऊन बसतं. घाम गाळून परत प्यायला देणारा अराकिसवासीयांचा प्रसिद्ध पोशाख घालून भर उन्हात कुणी चाललं, तर तहानेआधी उष्माघातानेच जाईल, कारण घाम उडून गेल्याशिवाय अंग थंड होत नाही. तरीही वाळवंटाचं एक यंत्र असतं आणि ते चालू असतं, हा विचार विज्ञानकथेत एवढ्या तपशिलाने पहिल्यांदा आला.

आणि पुढे या लेखकाच्या विचाराला जे वळण मिळालं, त्यासाठी मला तो मोठा वाटतो. ‘ड्यून’मध्ये पार्डो काइन्स नावाचा शास्त्रज्ञ आहे. तो अराकिसच्या रहिवाशांना, फ्रेमेन लोकांना, पटवतो की दव गोळा करा, पाणी साठवा, उतारांवर गवत धरा. ग्रहाच्या चक्रातला तीन टक्के भाग हिरव्या वनस्पतींनी उचलला, की पुढचं आपोआप होईल. मुदत तीनशे ते पाचशे वर्षं. हा काइन्स म्हणजे फ्लॉरेन्सच्या टेकड्यांवर गवत लावणाऱ्या माणसांचाच वंशज, आणि १९६५ चा हर्बर्ट त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. निदान वरवर वाचणाऱ्याला तसं वाटतं. अमेरिकेत तेव्हा पर्यावरणाची जाग नुकतीच येत होती. तरुणांनी पुस्तक उचलून धरलं, आणि १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनी फिलाडेल्फियात हर्बर्टला भाषणाला बोलावलं गेलं.

पण त्याने काइन्सचं स्वप्न खरं करून दाखवलं, तिथे गोष्ट बदलली. ‘ड्यून मसीहा’ या दुसऱ्या कादंबरीत आधीच्या नायकाची पडझड होते. ‘अ‍ॅनालॉग’च्या संपादकाला ती रुचली नाही, म्हणून ती १९६९ मध्ये ‘गॅलक्सी’त आली. १९७६ च्या ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये अराकिस हिरवा होऊ लागतो. कालव्यांतून पाणी वाहतं, दमट हवेत फ्रेमेनांची जुनी शिस्त सैल पडते, किडे मरू लागतात. किडे गेले की स्पाइस गेला, स्पाइस गेला की ताऱ्यांमधली वाहतूक थांबली. १९८१ च्या ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’पर्यंत कथेत साडेतीन हजार वर्षं उलटलेली आहेत, ग्रहावर नद्या आणि अरण्यं आहेत, आणि सम्राटाने वाळवंटाचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवला आहे. त्याच्या आसपास उरलेले फ्रेमेन जुने कपडे घालून प्रवाशांना जुने विधी करून दाखवतात. काइन्सने कुठेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं, त्याचं गणितही बरोबर होतं. तो एवढंच धरून चालला होता, की कोरडं म्हणजे बिघडलेलं.

इथे एका गोष्टीवर मात्र माझं हर्बर्टशी जमत नाही. रखरखाट माणसाला कणखर करतो आणि पाणी त्याला मऊ करतं, हा विचार त्याने तपासून न पाहता उचलला. चौदाव्या शतकातल्या इब्न खलदून या इतिहासकारापासून तो चालत आला आहे, आणि पुढे वसाहतींच्या काळात युरोपीय साहेबांना वाळवंटी टोळ्यांबद्दल जे भाबडं आकर्षण वाटे, त्यातही तो मुरलेला आहे. ज्या लेखकाने वाळूचा प्रत्येक कण कशाला ना कशाला जोडून दाखवला, त्याने वाळूतल्या माणसाच्या बाबतीत हवामानावर सगळं ढकलून द्यावं, हे खटकतं.

कोरड्या ग्रहाच्या कल्पनेची गंमत अशी की ती परत विज्ञानात शिरली. २०११ मध्ये युताका आबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रारूपं चालवून पाहिलं, की ज्या ग्रहावर पाणी थोडंच आणि तेही ध्रुवांकडे साचलेलं आहे, तो किती ऊन सोसू शकतो. समुद्रांनी झाकलेला ग्रह आज पृथ्वीला मिळतं त्याच्या सुमारे १३५ टक्के उन्हात हाताबाहेर तापतो. कोरडा ग्रह जवळजवळ १७० टक्क्यांपर्यंत तग धरतो. गोठण्याची हद्दही त्याची दूरची: समुद्री ग्रह ९० टक्क्यांवर गोठतो, कोरडा ७७ वर. कारण समजायला अवघड नाही. हवेत वाफ कमी, म्हणून उष्णता अवकाशात सुटायला वाट मोकळी. बर्फ आणि ढग कमी, म्हणून थंडीत ऊन परत फेकलं जाण्याचं प्रमाणही कमी. लोवेलने ज्याला मरणाची खूण मानलं, तो कोरडेपणा या आकड्यांत ग्रहाचं आयुष्य वाढवताना दिसतो. हलत्या टेकड्याही दुसऱ्या जगावर सापडल्या. शनीचा उपग्रह टायटन याच्या विषुववृत्ताजवळचे काळसर पट्टे द्रव हायड्रोकार्बनचे समुद्र असावेत अशी शंका होती. २००५ मध्ये ‘कॅसिनी’ यानाच्या रडारने पाहिलं, तर त्या शेकडो किलोमीटर पसरलेल्या टेकड्यांच्या रांगा निघाल्या. टायटनवरच्या मैदानांना आता ‘ड्यून’मधल्या ग्रहांची नावं देतात, आणि त्यांतल्या एकाचं नाव अराकिसच आहे.

आपल्या माळरानांची कथा काइन्सच्या अराकिसपासून फार लांब नाही. सरकारी नोंदीत ‘पडीक’ असा शिक्का बसला की तिथे झाडं लावणं पुण्याचं ठरतं. माळढोक आणि धाविक या पक्ष्यांना उघडं गवत हवं असतं, याची नंतर कुणालातरी आठवण करून द्यावी लागते.

फ्लॉरेन्सच्या गवताचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. ते इतकं उत्तम रुजलं की थांबेना. त्याने किनाऱ्याला समांतर वाळूची भिंतच उभी केली, समुद्राकडून येणारी नवी वाळू अडवली, आणि भिंतीमागच्या उघड्या टेकड्यांवर आधी झुडपं मग झाडं चढत गेली. उघड्या वाळूत अंडी घालणारा स्नोई प्लोव्हर हा इवलासा पक्षी इतका कमी झाला, की १९९३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्याच्या जमातीला संकटग्रस्तांच्या यादीत घालावं लागलं. आता तिथे बुलडोझरने, औषधं फवारून आणि हातांनी ते गवत उपटण्याचं काम चालतं, टेकड्या पुन्हा हलू लागाव्यात म्हणून. हे काम पाहणारी वनसेवा अमेरिकेच्या कृषी खात्यातच मोडते.