पाण्याकडे पाहण्याचा अधिकार

आईला ऐंशी वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने मुलांनी आम्हा सर्वांना दोन रात्रींसाठी बीदरजवळच्या विलासपूर तलावाकाठी नेले. कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या संस्थेचे तेथे एक छोटेखानी विश्रामस्थान आहे. होन्निकेरीच्या राखीव जंगलातील काळविटांवरून त्याला ब्लॅकबक हे नाव मिळाले. शहरी श्रीमंतीच्या मापाने ते साधेच म्हणावे लागेल. पण भालकीकडच्या आमच्यासारख्या शेतकरी घराला तो ऐषारामच होता. (गावाच्या नावातच ‘विलास’ असावा, ही गंमत मुलांच्या ध्यानी आली नाही. आईच्या आली.)

संध्याकाळी चहाचे पेले घेऊन सारे पाण्यासमोर बसलो. नात म्हणाली, “आजी, किती सुंदर आहे ना!” आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, “ह्याच्या खाली कुणाचं गाव हाय का रे?”

कोणी उत्तर दिले नाही. तिच्या डोळ्यांपुढे हे तळे नव्हतेच. तिच्या माहेरची जमीन कारंजा धरणाखाली गेली. मांजरा नदीला मिळणाऱ्या कारंजा नदीवर, भालकी तालुक्यातील ब्याळहळ्ळीजवळ, सत्तरच्या दशकात या प्रकल्पाचे काम सुरू झाले. काळी कसदार जमीन पाण्यात गेली, आणि तिचा मोबदला योग्य रीतीने ठरवला गेला नाही ही विस्थापितांची तक्रार आजतागायत मिटलेली नाही. २०२२ मध्ये याच मागणीसाठी त्यांनी बीदरमध्ये धरणे धरले, तेव्हा त्यांतील कित्येकांनी साठी ओलांडलेली होती.

आईच्या त्या प्रश्नाने मला एका जुन्या चर्चेची आठवण झाली. कांटने १७९० च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. हा वाडा सुंदर आहे काय, असे विचारल्यावर एखादा रूसोच्या आवेशात म्हणेल की, असल्या निरुपयोगी डौलासाठी थोरामोठ्यांनी रयतेचा घाम उधळला. कांट त्याला खोडून काढीत नाही. तो एवढेच म्हणतो की विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. वस्तू केवळ पाहताना आनंद होतो की नाही, इतकेच तेथे विचारलेले आहे. माझ्या मते हा भेद तर्काला धरून आहे. नातीने विचारले ते एक, आईने विचारले ते दुसरे. दोघींना एकच उत्तर देऊ पाहणारा दोघींवरही अन्याय करील.

पण कांटच्या वाड्यात आणि पाण्यात एक फरक आहे, आणि तो लहान नाही. वाड्याच्या दगडावर छिन्नीचा घाव दिसतो; बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल पाहताना कारागिराचा हात आपोआप आठवतो. पाणी मात्र ज्यांच्यावर पसरते त्यांना झाकूनच सुंदर होते. बांध, विहीर, मारुतीचा पार यांवर ते एकसारखी पातळी आणते, आणि त्या सपाटपणालाच आपण शांतता म्हणतो. वाडा पाहणाऱ्याला त्यामागचा घाम विसरावा लागतो. पाणी पाहणाऱ्याला विसरण्याचेही श्रम नाहीत.

यावर माझ्या मुलाचे म्हणणे असे की, मग नळाचे पाणीही पिऊ नये. बीदर शहर कारंजाचे पाणी पिते. तेथे कोणाच्या घशात ते अडकत नाही. आक्षेप बिनतोड आहे. १९२१ मध्ये सेनापती बापट मुळशीच्या सत्याग्रहात उतरले तेव्हाही प्रश्न हाच होता : मुंबईला वीज हवी होती, आणि गरज खोटी नव्हती. आज त्याच मुळशीच्या जलाशयाकाठी पुण्या-मुंबईची कुटुंबे सुट्टीसाठी उतरतात. वीज वापरणारा निर्दोष आणि काठावर चहा पिणारा दोषी, अशी वाटणी मला करता येत नाही. पाण्याखालच्या माणसाच्या दृष्टीने दोघेही सारखेच.

फरक दोषाचा नसून सवडीचा असावा. तहानलेल्याला हे पाणी कोठून आले असे विचारण्याची उसंत नसते, आणि तशी अपेक्षा करणेही क्रूरपणाचे होईल. आम्ही मात्र उसंतच विकत घेतली होती. दोन रात्रींच्या भाड्यात खोली आणि जेवण होतेच, पण खरी किंमत मोजली होती ती निवांतपणाची. ज्याच्याकडे निवांतपणा आहे त्याच्याकडे विचारण्याची शक्तीही आहे. ती असूनही न विचारणे हे अज्ञान नव्हे, निवड आहे.

येथवर आल्यावर माझा मलाच संशय येतो. पाण्याकडे पाहून विस्थापितांची आठवण काढणे हाही एक उंची छंद होऊ शकतो; सूर्यास्ताला खिन्नतेची किनार लावली की तो अधिकच खुलतो. त्या हळहळीने एकाही शेतकऱ्याच्या मोबदल्यात एका रुपयाची भर पडत नाही. हे लिहितानाही त्या दोषातून मी सुटलेला नाही.

आईने स्वतः मात्र हळहळ केली नाही. दुसऱ्या दिवशी जेवण वाढणाऱ्या मुलाला तिने अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत त्याचे गाव, घरची जमीन, पावसाचे मान असे सारे विचारून घेतले. तो तिला ‘अज्जी’ म्हणू लागला. मग ती एकटीच काठावर गेली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि येऊन म्हणाली, “गोड हाय पाणी. पोरांनी चांगली जागा दाखवली.”

परतताना धरणाकडे जाणारा फाटा आला तेव्हा तिने विचारले, “जायचं का तिकडं, जरा?” मे महिना होता, पाणी उतरलेले असणार, कदाचित जुने बांध उघडे पडले असतील. पण मुलाला रात्रीपर्यंत पुण्याला पोहोचायचे होते. मी म्हणालो, “पुढच्या खेपेला जाऊ, आई.” ती बरे म्हणाली, आणि फाटा मागे पडेपर्यंत खिडकीतून तिकडेच पाहत राहिली.