लेप आणि रंग

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न विचारला. दिसावयास तो सुतारकामाचा प्रश्न होता. परंतु त्याचें उत्तर सुतारापाशीं न मिळाल्यामुळें तो आमच्याकडे आला होता. त्याच्या दिवंगत वडील बंधूची एक इलेक्ट्रिक गिटार घरीं आहे. तिचा काळा रंग जागोजागीं उडाला आहे. वाजवितांना उजवा हात जेथें टेकतो तेथें तर तळहाताएवढें लांकूड उघडें पडलें आहे. ही गिटार आतां तो स्वतः वाजवितो. काळा रंग खरवडून काढावा आणि लांकडास तांबूस स्टेन द्यावा, असा त्याचा बेत. मातोश्रींचें म्हणणें, “तो रंग त्याच्या हातानें गेला आहे, तूं त्याला हात लावूं नकोस.” गिटार धाकट्याकडे आली, पण तिच्यावरची झीज कोणाची, असा हा वाद आहे, आणि ज्या घरांत आजोबांची पेटी किंवा आजीची पैठणी जपून ठेवलेली आहे, त्या घरांत तो केव्हां ना केव्हां निघतोच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तंबोऱ्याचा नाद भोपळ्यांत आणि तबलींत घुमतो. भरीव लांकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीचें तसें नाहीं. पोलादी तारांच्या कंपनानें पिकअपमधील लोहचुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो, भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तिचाच पुढें ध्वनि होतो. अर्थात् वरचा रंग काळा कीं तांबडा याच्याशीं सुरांचा संबंध नाममात्रच. तेव्हां ‘वाद्य सुधारतें’ या सबबीखालीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. येथें प्रश्न निव्वळ दिसण्याचा आहे. आणि दिसणें ही क्षुल्लक बाब असती तर त्या माउलीच्या डोळ्यांस पाणी आलें नसतें.

गेल्या शतकांतील प्रख्यात वादकांच्या वर्तनांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें सांपडतात. बीटल्सपैकीं जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनीं इ. स. १९६८ मध्यें आपापल्या एपिफोन कसिनो गिटारींवरील कारखान्याचा रंग काढवून लांकूड उघडें केलें. १९६९ च्या ३० जानेवारीस लंडनमधील एका इमारतीच्या गच्चीवर त्यांचें जें अखेरचें जाहीर वादन झालें, त्यांत लेननच्या हातीं हीच सोललेली गिटार होती. रंग निघाल्यावर गिटारी अधिक चांगल्या झाल्या, असें हॅरिसन पुढें सांगत असे. कसिनो आंतून पोकळ असल्यामुळें त्यांत कांहीं तथ्य असेलही. उलटपक्षीं आयर्लंडचा रोरी गॅलघर. त्यानें १९६३ मध्यें कॉर्क शहरांत १९६१ सालची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर घेतली, आणि १९९५ मध्यें मरण येईपर्यंत तीच त्याची मुख्य गिटार राहिली. घामानें व घर्षणानें तिचा बहुतेक सारा रंग गेला. गेला तो त्यानें जाऊं दिला. २०२४ मध्यें तिचा लिलांव झाला, तो ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळावी या हेतूनें घेणाऱ्यानें घेतला.

एका पक्षानें रंग काढला, दुसऱ्यानें जाऊं दिला. दोघेही आम्हांस निर्दोष वाटतात. कारण जें झालें तें वाजविण्याच्या ओघांत झालें. दोष कोठें शिरतो तें तिसऱ्या उदाहरणावरून दिसेल. फेंडर कंपनीनें १९९५ च्या सुमारास ‘रेलिक’ या नांवानें गिटारी विक्रीस काढल्या. या गिटारी नव्याच असतात. परंतु कारागीर त्यांचा रंग मुद्दाम खरवडतात, कडा झिजवितात, धातूच्या भागांवर जुनाटपणा आणतात. गॅलघरच्या गिटारीच्या तर झिजेसकट प्रती निघाल्या. गिऱ्हाइकास हें सारें ठाऊक असतें, तेव्हां यांत फसवणूक नाहीं, हें कबूल. तरीपण न केलेल्या श्रमाची खूण अंगावर मिरविणें मनास पटत नाहीं. न वाचलेल्या ग्रंथाचीं पानें चुरगळून तो टेबलावर मांडणाऱ्या विद्वानाची येथें आठवण होते.

आतां मातोश्रींच्या पक्षाकडे वळूं. खरी झीज किती मोलाची आहे हें वरील बाजारावरून उघड होतें. जी वस्तु लोक दाम मोजून खोटी करवून घेतात, ती यांच्या घरीं खरी आहे. मग ती पुसावी कां? परंतु येथें एक अडचण आहे, आणि ती मातोश्रींच्या ध्यानीं आली नसावी. मोठ्या मुलाची झीज जशीच्या तशी राखावयाची असेल तर गिटार पेटींत बंद केली पाहिजे. धाकटा ती वाजविणार असेल तर त्याचाही हात त्याच जागीं टेकणार, लांकूड तेथें आणखी उघडें पडणार, आणि पांचसात वर्षांनीं त्या डागांतला कोणता भाग कोणाचा हें आईसही सांगतां येणार नाहीं. म्हणजे निवड काळा रंग आणि तांबूस रंग यांमधील नाहींच. ती खूण आणि वादन यांमधील आहे. आणि रोज वाजवूं देण्यास तर मातोश्रींनीं केव्हांच संमति दिली होती.

राहिला प्रश्न स्टेनचा. कारखान्यांतील दाट रंग हा लेप असतो. त्याखालीं लांकडाचे दोन तुकडे जोडले आहेत कीं चार, गांठ कोठें आहे, लांबी कोठें भरली आहे, हें कोणास दिसत नाहीं. स्वस्त गिटारींत असें जोडकाम पुष्कळदां असतें. स्टेन कांहीं झांकीत नाहीं. तो लांकडांत मुरतो आणि जें होतें तेंच गडद करून दाखवितो. जुन्या रंगाचा किंवा गोंदाचा अंश राहिला तर तेथें तो धरत नाहीं, फिका डाग पडतो. पॉलिशपेपर लांकडाच्या रेषांना आडवा फिरला तर एकेक ओरखडा काळा होऊन उठतो. म्हणून ८० नंबरचा, मग १२०, मग २२० असा पॉलिशपेपर रेषांच्या दिशेनेंच फिरवावा लागतो. ओल्या फडक्यानें पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हां घांसावे लागतात. वर पारदर्शक लॅकरचे कितीही हात दिले तरी खालचा आळस दिसतच राहतो. लेप देणाऱ्यास आपली चूक लपवितां येते. स्टेन देणाऱ्यास ती सोय नाहीं.

कोणी म्हणेल, मग काळा रंग असत्य होता काय? तसें नव्हे. तो त्या गिटारीच्या चरित्राचा एक भाग होता, आणि तो खरवडतांना कांहीं तरी कायमचें जातें. जुन्या नामांकित गिटारीचा रंग बदलला कीं तिची किंमतही बरीच उतरते, आणि तें योग्यच आहे. जो रंग काढील त्यानें ही हानि हानि म्हणूनच पत्करावी; तिला सुधारणा हें गोंडस नांव देऊं नये.

तात्पर्य, वापरांतली जुनी वस्तु नवी करण्याचा हक्क ती वापरण्याचा भार घेणाऱ्यास आहे. मात्र नवें रूप तिच्या मागील आयुष्याविषयीं खोटें बोलणारें नसावें. हेंच आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. आणखी एक सांगितलें: हक्क असणें निराळें आणि तो आजच बजावणें निराळें, आईची संमति मिळेपर्यंत थांब.

तो पांच महिने थांबला. मग मातोश्रींनींच होकार दिला, पण एक अट घातली. गिटारीच्या पाठीवर पट्ट्याच्या बक्कलानें पडलेले खोल ओरखडे आणि खळगे आहेत. ओलें फडकें ठेवून वरून गरम इस्त्री फिरविली तर दबलेलें लांकूड फुगून असे खळगे पुष्कळ अंशीं भरून येतात. तें करावयाचें नाहीं, एवढीच अट. मुलानें ती पाळली. स्टेन दिल्यावर त्या ओरखड्यांत रंग अधिक मुरला आणि पूर्वीं काळ्यावर जे नीट दिसतही नव्हते ते आतां गडद रेघांसारखे स्पष्ट दिसतात. पुढची बाजू धाकट्याची झाली. मागची मोठ्याची राहिली. गिटार रोज वाजते, असें कळतें.