गिझरला काळी टेप

बस. चहा नंतर.

परवा तुझा पिंपळे सौदागरचा फ्लॅट बघितला. गिझरच्या प्लगला काळी टेप गुंडाळलेली. भाडेकरूची पोर चार वर्षांची. ‘उद्या काही झालं तर?’ असं विचारलं, तर छाती फुगवून म्हणालास, ‘सर, इन्शुरन्स आहे ना!’

दाखव म्हटलं, तर मेल सापडायला वीस मिनिटं. पॉलिसी एकदाही उघडलेली नव्हती. अरे, बी.कॉम.ला करार कायद्याची कलमं मला धडाधड म्हणून दाखवणारा तू. स्वतः सही केलेला कागद वाचता आला नाही तुला?

त्यात निघालं काय? भारत गृह रक्षा. 1 एप्रिल 2021 पासून घरासाठी ठरवून दिलेली साधी पॉलिसी. आग, पूर, भूकंप यांत तुझ्या भिंती गेल्या तर पैसे. पोरीला शॉक बसला तर? छदामही नाही. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते, पब्लिक लायबिलिटी म्हणून. आणि सोसायटीच्या विम्याचं नाव काढू नकोस. तुझ्या बाथरूममधली टेप सोसायटीनं लावली होती का?

त्यावर कडी म्हणजे फॉर्मवर ‘स्वतः राहतो’. म्हणे एजंटनं भरलं. सही कोणाची? दावा नाकारायला कंपनीला आयतं निमित्त दिलंस, तेही स्वखर्चानं.

ही कंपनी का निवडलीस? ‘मेव्हण्याचा मित्र आहे, शिवाय तीनशे रुपये स्वस्त.’ धन्य! मोबाइल घ्यायला पंधरा दिवस दुकानं पालथी घातलीस. इथे मात्र वेळ नव्हता. वेळ नव्हता की वाचायचा कंटाळा होता? खरं बोल.

आता कंपनी कशी पारखायची ते ऐक. सर्वसाधारण विमा कंपन्यांना दर तिमाहीला आपले आकडे संकेतस्थळावर मांडावे लागतात. दावे किती आले, किती नाकारले, किती रखडले, तक्रारी किती. सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी फेडायच्या ताकदीचं गुणोत्तर, 1.5 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा विमा नियामक आयआरडीएआयचा दंडक आहे. कोण काठावर आहे तेही तिथेच दिसतं. मोटार, आरोग्य, लायबिलिटी यांचे रकाने वेगवेगळे बघ. जाहिरातीतल्या टक्क्याला भुलू नकोस, त्यात बहुधा सगळ्याची खिचडी असते. मग पॉलिसीची मूळ भाषा माग. ब्रोशर नव्हे. भाड्यानं दिलेलं घर चालतं का? एका घटनेला मर्यादा किती, वर्षाला किती? वकिलाचा खर्च त्यातच की वेगळा? देखभालीत हयगय झाली तर हात वर करणार का? ही उत्तरं लेखी दे म्हटल्यावर जो एजंट फोन उचलेनासा होतो, त्याला मेव्हण्याकडे परत पाठव.

‘नाहीतर विमा लोकपाल आहेच की, सर.’ आहे, पुण्यातच आहे, फीसुद्धा घेत नाही. पण तू न घेतलेलं संरक्षण तो कुठून आणणार?

हसू नकोस. तू अडाणी असतास तर मी एवढा घसा कोरडा केला नसता.

रविवारी दहाला ये. तीन कंपन्यांच्या पॉलिस्या छापून, लाल पेनानं खुणा करून आण. आणि आत्ता, माझ्यासमोर, इलेक्ट्रिशियनला फोन लाव.