रणगाडा घडवणारे हात

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये चिंचवडचा एक फिटर रणगाड्याच्या पट्ट्यापाशी वाकून विचारत होता, "याचं इंजिन कुठल्या कंपनीत बसवलं असेल?" मेहुण्याने त्याला तिथेच गप्प केलं, "इथंही कंपनी आणलीस का!"

१९९४ साली जनरल बी. सी. जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे संग्रहालय मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शाळेच्या सहलीत तिथला पॅटन रणगाडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण फिटरचा प्रश्न रास्त होता. तिथल्या चर्चिल रणगाड्याचा आराखडा व्हॉक्सहॉलने ल्यूटनमध्ये केला, आणि व्हॉक्सहॉल ही मोटारी बनवणारी कंपनी. अमेरिकेत शर्मन बनवणाऱ्यांत डेट्रॉइटची क्रायस्लर होती, रेल्वे इंजिनांचे कारखानेही होते. दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी रणगाडे पिंपरी-चाकणच्याच जातकुळीतल्या गावांतून निघाले.

लढणाऱ्यांचा इतिहास वेगळा आणि पुरवणाऱ्यांचा वेगळा. संग्रहालयं पहिला मांडतात, दुसऱ्याला पाठीमागच्या दाराने आत घेतात.

यावर लष्करप्रेमींचं उत्तर ठरलेलं असतं: पोरं पराक्रम बघून घडतात, पाने-हातोडे बघून नाही. त्यांच्या हाती पुरावाही भक्कम आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले, २१ वर्षांचे अरुण खेत्रपाल जळत्या 'फामागुस्ता' रणगाड्यातून बाहेर पडायला तयार झाले नाहीत. तो सेंच्युरियन रणगाडा नगरलाच जतन केलेला आहे. त्याच्यासमोर वाद घालणं शोभत नाही. तरी एक गोष्ट उरतेच. खेत्रपालांनी नकार दिला तो तोफ अजून चालते आहे म्हणून, आणि ती तोफ कुणीतरी नीट घडवली होती.

चाकणच्या संग्रामदुर्गाचंही असंच. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरूज सुरुंगाने उडवला, तेव्हा गड पडला. फिरंगोजींचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. चिखलात भुयार खणणारे मात्र मोगलांच्या बाजूचे असूनही आपल्या बेलदारांइतकेच निनावी राहिले.

मग चिंचवडला पुरवठ्याचं संग्रहालय का नसावं? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पलीकडे देहूरोडचा दारूगोळा डेपो. कल्पना झकास वाटते, पण देहूरोडपाशी येऊन अडते. पॅटनवर पोरं चढू शकतात, कारण तो आता उडणार नाही. डेपोतला माल कामाचा आहे. त्याच्याभोवती २००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा आहे. तळवडे, रूपीनगर, यमुनानगरकडे घर घेताना माणूस भावाच्या आधी त्याचीच चौकशी करतो.

तेव्हा नगरने लढणाऱ्यांपुरतंच थांबावं, तेच बरं. त्यांची लढाई संपली आहे. पुरवणाऱ्यांची पाळी अजून सुरू आहे, आणि रूपीनगरात गुंठा-दीड गुंठ्यावर घर बांधून बसलेल्याला आधी कळायला हवं की आपली भिंत त्या रेषेच्या आत येते की बाहेर.