पोस्टर खोटे बोलते का?

‘मदर इंडिया’च्या (१९५७) सर्वांत गाजलेल्या पोस्टरवर नर्गिस खांद्यावर नांगर पेलताना दिसते. चेहरा ओझ्याने पिळवटलेला आहे, पण पकड सुटलेली नाही. सावकाराचे कर्ज, हात गमावून परागंदा झालेला नवरा, पुराने धुऊन नेलेले पीक आणि अखेर आईनेच पोटच्या बिरजूवर झाडलेली गोळी, यांतले काहीही त्या चित्रात नाही. तरीही पोस्टरने फसवले अशी तक्रार चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक करत नाही. कथेविषयी जवळजवळ मौन पाळणारे हे चित्र मग कशाच्या बळावर खरे ठरते? पोस्टर घटना सांगायला निघालेलेच नसते, त्या घटना कोणत्या भावाने पाहायच्या हे ते सुचवते. म्हणून त्याच्या खरेपणाची परीक्षा कथानकाशी ताडून होत नाही, चित्रपटाच्या रसाशी ताडूनच होते.

या विचाराला आपल्याकडे जुना आधार आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वाच्यार्थापलीकडच्या सूचित अर्थाला काव्याचा आत्मा मानले आणि रस शब्दाने नुसता उच्चारून येत नाही, तो व्यंजित व्हावा लागतो, हे दाखवले. ‘ही शोककथा आहे’ एवढे म्हटल्याने कोणाला शोक होत नाही. पोस्टरवर वाच्यार्थाचा भाग असतो तो नावांचा: चित्रपट, दिग्दर्शक, नटनटी. बाकी सारे व्यंजनेचे काम आहे. अक्षरे जाड की नाजूक, चेहरा प्रकाशात की अर्धा अंधारात, दोन माणसे समोरासमोर की पाठमोरी, यांतून विनोदी, रहस्यमय की कौटुंबिक याचा अंदाज प्रेक्षक क्षणात बांधतो. नर्गिसच्या खांद्यावरचा नांगर शेतीची माहिती देण्यासाठी नाही. ही बाई जे उचलेल ते शेवटपर्यंत उचलेल, हे तो सांगतो. शेवटच्या गोळीमागचे बळ त्या खांद्यातच आहे.

पण कथाच कळली नाही तर प्रेक्षकाने निवड कशी करायची, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या रंगपरंपरेत आहे. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नाटकाचे आणि कवीचे नाव सांगतो, आणि कथा पुराणेतिहासातली असेल तर ती प्रेक्षकाला पाठच असते. कीर्तनातले आख्यानही श्रोत्यांना नवे नसते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहायला गेलेल्या मराठी माणसाला वह्या नदीत बुडाल्याचे आणि वैकुंठगमनाचे प्रसंग ठाऊकच होते. तरी तो चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि विष्णुपंत पागनिसांचा चेहरा अनेकांच्या मनात तुकोबांचाच होऊन बसला. पुढे काय घडते यासाठी लोक आले नव्हते, भक्तिभावात शिरण्यासाठी आले होते. वीणा, चिपळ्या आणि मिटलेले डोळे दाखवणारे चित्र अशा प्रेक्षकाला हवे तेवढे सांगते.

अधिक वजनदार आक्षेप असा की, रस वगैरे काही नाही, हे केवळ सवयीचे संकेत आहेत. लाल म्हणजे रक्त, काळा म्हणजे भय. हे अंशतः मान्य करावे लागेल. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त प्रत्येक रसाला रंग दिला: रौद्राला लाल, भयानकाला काळा. ते आजही पटतात. पण हास्याला त्याने पांढरा दिला, आणि आजचे विनोदी पोस्टर भडक रंगांनी भरलेले असते. म्हणजे संकेत बदलतात. परंतु संकेताने बांधलेले असणे म्हणजे खोटे असणे नव्हे. शब्दाचा अर्थही संकेतानेच ठरतो असे नैयायिक म्हणतात, म्हणून शब्दांतून सत्य सांगता येत नाही असा निष्कर्ष ते काढत नाहीत. संकेत समाजाचे असतात, ते कोणत्या हेतूने वापरायचे ही निवड मात्र वापरणाऱ्याची असते.

खरी कसोटी ‘सैराट’ची (२०१६). त्याच्या जाहिरातीत आर्ची-परश्याचे कोवळे प्रेम होते, शेवटी मात्र दोघांची हत्या आणि रक्ताची पावले उमटवत जाणारे मूल. ही फसवणूक नव्हे काय? मला ती तशी वाटत नाही. विप्रलंभ शृंगार आणि करुण यांत भरताने केलेला भेद आशेचा आहे: विरहात भेटीची अपेक्षा उरते, करुणात ती संपलेली असते. ज्याने आशा बाळगली त्यालाच तिचे संपणे कळते. पोस्टरवरचे प्रेम चित्रपटात खरोखर आहे, आणि ते प्रेक्षकाने आपले मानले नसते तर तो शेवट वर्तमानपत्रातल्या एका बातमीइतकाच उरला असता. याउलट, चित्रपटात दोन मिनिटे असलेले मादक दृश्य किंवा पाहुणा नट पोस्टरभर पसरला, तर त्यातला प्रत्येक तपशील चित्रपटात असूनही ते पोस्टर खोटेच.

धंद्यात असली सोवळी कशाला, जाहिरात ती जाहिरातच, असे शेवटी म्हटले जाईल. पण तिकीट काढणारा निदान स्वतःच्या इच्छेने आत जातो. रस्त्यावरचे पोस्टर शाळेत निघालेल्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणाचीही परवानगी विचारत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने हा भेद ओळखला होता. घरात शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रे असावीत, बाकीची देवालयात आणि राजसभेत, असे ते सांगते. आजच्या शहराला तो नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, लावूही नये. त्यामागची जाण मात्र टिकणारी आहे: चित्र आधी मनात शिरते, विचार नंतर येतो. म्हणून पोस्टर करणाऱ्याला कथा लपवण्याची पूर्ण मुभा असावी, रसाशी बेइमानी करण्याची मुळीच नाही. आणि प्रेक्षकानेही फसवले गेल्याची तक्रार करताना, गोष्ट वेगळी निघाली की भाव खोटा निघाला, एवढे आधी तपासून घ्यावे.