मारक्या बैलाचा धनी

निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बैलाविषयी एक कायदा सांगितला आहे. एखाद्याच्या बैलाने माणसाला शिंगाने भोसकून ठार केले, तर त्या बैलाला दगडमार करावी; धनी मात्र निर्दोष समजला जावा. पण बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर बैलाबरोबर धनीही देहदंडास पात्र ठरतो. दोन्ही प्रसंगी शिंग तेच आणि मृत्यूही तोच. फरक इतकाच, की दुसऱ्या धन्याला ठाऊक होते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी आता बैल उरलेला नाही. वसईच्या वाड्यांतून येऊन वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथे स्थिरावलेल्या कुटुंबांच्या इमारतीखाली मोटारसायकल मात्र हमखास उभी असते आणि पुष्कळदा ती जुनी असते. १९९९ साली आलेली हीरो होंडा सीबीझेड, २००१ च्या अखेरीस आलेली बजाज पल्सर अशा गाड्यांनी तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणला. त्या पिढीतील काही गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ती नाही. म्हणजे जुन्या गाडीचा ब्रेक कसा आहे हे पाच वर्षांतून एकदा सरकारी निरीक्षक पाहतो. मधल्या काळात ते पाहायचे काम धन्याच्या सदसद्विवेकबुद्धीकडे राहते. हा लेख त्या मधल्या काळाविषयी आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच विचारवंताने मांडला. कॅथलिक वाचकांना पास्कल परिचित असतो तो श्रद्धेविषयीच्या त्याच्या चिंतनामुळे. १६६२ साली तो वारला. द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाला. मृत्यूपूर्वी काही महिने, त्याच १६६२ च्या मार्चमध्ये, पॅरिसमध्ये ठरावीक मार्गांवरून आणि ठरावीक भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या त्याच्या कल्पनेनुसार सुरू झाल्या होत्या. रस्त्यावरच्या माणसाचा विचार त्याला अगदीच परका नव्हता, असे म्हणावेसे वाटते.

मोटारसायकलच्या हँडलवर असलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक लहान पिस्टन असतो. लिव्हर दाबली की तो तेल ढकलतो. ते तेल नळीतून चाकापाशी असलेल्या कॅलिपरमध्ये जाते आणि तेथील मोठ्या पिस्टनवर दाब देते. मोठ्या पिस्टनचे क्षेत्रफळ पाचपट असेल, तर बोटांनी दिलेला जोर तेथे पाचपट होतो. मात्र पिस्टन सरकतो एक-पंचमांश अंतर. एकदा लिव्हर दाबली असता जे तेल पुढे सरकते, ते चहाच्या चमच्यातही सहज मावेल. एवढ्याशा तेलावर पावणेदोनशे किलोची गाडी, तिच्यावरची दोन माणसे आणि समोरून रस्ता ओलांडणारे तिसरे माणूस विसंबून असते.

तेल दबत नाही. म्हणूनच हे सारे चालते. हवा दबते. तेलात हवेचा बुडबुडा शिरला की बोटांचा जोर तो बुडबुडा आवळण्यात खर्ची पडतो, लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते आणि चाकापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. येथे आगगाडीची आठवण होते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ साली आगगाडीसाठी जो स्वयंचलित हवेचा ब्रेक काढला, त्याची रचना उलटी आहे: नळी फुटली, हवा निसटली, की ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी उभी राहते. बिघाड झाला तर थांबायचे, हा विवेक त्या यंत्रातच बसवलेला आहे. मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये तसे काही नाही. तो बिघडला तर गाडी धावतच राहते. जो विवेक यंत्रात घातलेला नाही, तो माणसाला बाहेरून पुरवावा लागतो.

आता पाण्याविषयी. ज्याला आपण सारे ब्रेक ऑइल म्हणतो, ते बाजारात डॉट ३ किंवा डॉट ४ या नावाने मिळते आणि खरे म्हणजे ते तेल नव्हेच. ते ग्लायकोल वर्गातील रसायन आहे व त्याला हवेतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. (या चुकीच्या नावामुळे कोणी त्या डबीत इंजिन ऑइल ओतले, तर आतील रबरे फुगून ब्रेक निकामी होतो. शब्दाच्या ढिलाईची किंमत सहसा इतक्या रोकडीने मोजावी लागत नाही.) ताजे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, चार टक्क्यांहून कमी पाणी त्यात मुरले, तरी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. खाडीकाठच्या नवी मुंबईत, जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत, हे पाणी मुरायला वेगळे निमित्त लागत नाही. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने लोणावळ्याहून परतणारा मोटारसायकलस्वार जुन्या मार्गाने खोपोलीचा घाट उतरतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की कॅलिपर तापतो, मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. घाटमाथ्यावर कडक असलेली लिव्हर घाटाच्या मध्यावर रिकामी होते. म्हणूनच सुमारे दोन वर्षांनी हे द्रव बदलायचे असते, मग गाडी फार धावलेली असो वा नसो.

हा शेवटचा प्रकार दबा धरून बसलेला असतो. पण बाकीचे बहुतेक दोष ताकीद देऊन येतात. लिव्हर मऊ लागते. ती दाबून धरली तर हळूहळू हँडलकडे सरकत जाते. तेव्हा समजावे की मास्टर सिलिंडरची आतली रबरे झिजली आहेत. डबीतील पारदर्शक द्रव चहासारखे काळसर दिसू लागते. कॅलिपरखाली ओल दिसते, डिस्कवरून खरखर ऐकू येते. हीच ती निर्गममधली सूचना. ज्या दिवशी बोटांना हा फरक जाणवला, त्या दिवसापासून धनी अजाण राहिलेला नाही. पुढे ‘मला काय माहीत’ असे म्हणण्याचा अधिकार त्याने गमावलेला असतो.

आणि येथे आपल्या घराघरांतून ऐकू येणारे एक वाक्य तपासायला हवे. धाकटा भाऊ किंवा भाचा किल्ली मागतो, आणि थोरला ती देताना सहज सांगतो, “ब्रेक जरा दोनदा दाब, म्हणजे लागतो.” दोनदा दाबल्याने ब्रेक खरोखर लागतो, कारण दुसऱ्या दाबाने आणखी थोडे तेल पुढे जाते. सांगणाऱ्याला वाटते, आपण खोटे बोललो नाही, दोष लपवला नाही, कर्तव्य संपले. मला ते तसे वाटत नाही. त्याने आपले ज्ञान भाच्याला दिले. पण तुर्भ्याच्या बाजारापाशी भल्या पहाटे रस्ता ओलांडणाऱ्या माथाडी कामगाराला ते कोणी दिले? त्या माणसाचा या सौद्याशी काहीच संबंध नाही. त्याने गाडी पाहिलेली नाही, किल्ली मागितलेली नाही, धोका पत्करण्यास होकार दिलेला नाही. समोरून येणारी गाडी वेळेवर थांबेल, एवढाच त्याचा विश्वास आहे, आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे गेलेली असते. दुसऱ्यांदा दाबायला जो अर्धा सेकंद लागतो, तो त्याच्या वाट्याच्या पाच-साडेपाच मीटरांतून वजा होतो.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात, पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, मद्याच्या किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःचे व इतरांचे जीवित धोक्यात घालणाऱ्यांचा दोष गंभीर मानला आहे. खराब ब्रेकचा तेथे उल्लेख नाही. पण तर्क तोच लागू पडावा. मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. न बदललेले पॅड या दुसऱ्या यादीत येतात. ती यादी आपण बहुधा घाईने उरकतो.

एक आक्षेप न्याय्य आहे आणि तो टाळू नये. ज्याची रोजी गाडीवर अवलंबून आहे, घरोघर जेवण किंवा पार्सले पोहोचवणारा, त्याला गाडी एक दिवस गॅरेजात ठेवणे म्हणजे एका दिवसाची कमाई सोडणे. ब्रेक ऑइलची बाटली महाग नसते, दिवस महाग असतो. त्याच्या दोषाचे माप काढताना त्याची ही ओढाताण विचारात घ्यावी, यात शंका नाही. पण रस्त्यावरचा पादचारीही बहुधा तितकाच गरीब असतो, आणि एका गरिबाच्या अडचणीचा भार दुसऱ्या गरिबाच्या हाडांवर टाकणे हा तोडगा होऊ शकत नाही. खरा प्रश्न त्या पोराला कामावर धाडणाऱ्यांना आणि वीस मिनिटांत जेवण मागणाऱ्या आपल्या घरांनाही विचारला पाहिजे.

मग ज्याला थोडेफार यंत्र कळते त्याने रविवारी दुपारी ब्रेक स्वतः खोलावा काय? खोलावा, पण इंजिन खोलणे वेगळे आणि ब्रेक खोलणे वेगळे, हे जाणून. कॅलिपर उघडला की पिस्टन गंजलेला दिसतो, त्याच्याभोवतीचे चौकोनी रबर कडक झालेले असते. ते पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याचा मोह होतो. पेट्रोल त्या रबराचा शत्रू आहे. नवे रबर किट घालावे, खाचेतील गंज काढावा. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून वेळ मारून नेऊ नये, तोही बदलावा. पॅडवर ब्रेक ऑइल सांडले तर ते पॅड गेले. कितीही नवे असोत, ते घासून किंवा जाळून परत येत नाहीत. मास्टर सिलिंडरच्या डबीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. ते कचऱ्याने बुजले तर तापलेल्या तेलाला परतायला वाट राहत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. एवढे होऊन शेवटी हवा काढायची: निपलला पारदर्शक नळी लावून, लिव्हर दाबून धरून निपल किंचित ढिला करायचा, बुडबुडे बाहेर पडले की आधी निपल आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायची. पुन्हा तेच. डबीतील पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा वरून पुन्हा आत शिरते आणि सारे पहिल्यापासून.

खरी परीक्षा याच ठिकाणी होते. विसाव्या खेपेला लिव्हर बऱ्यापैकी कडक होते. बुडबुडे जवळजवळ थांबलेले असतात. संध्याकाळ झालेली असते, हात काळे झालेले असतात, आणि आपल्या भाषेतील एक सोयीचा शब्द ओठांवर येतो: ‘चालेल’. इंजिनाच्या बाबतीत तो शब्द ठीक आहे. ब्रेकच्या बाबतीत विचारायचे असते ते थांबेल की नाही. ज्याला एकविसाव्या आणि तिसाव्या खेपेचा धीर नसेल, त्याने गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी. त्यात कमीपणा नाही. आणि ज्याला धीर आहे, त्यानेही आपले काम दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवावे, कारण आपल्या हातच्या कामाकडे आपण ममतेने पाहतो.

मिस्त्रीकडे नेल्याने धन्याची जबाबदारी संपते, असेही नाही. गॅरेजात काम आटोपले की पुष्कळदा हाताखालच्या पोराला किल्ली देऊन सांगितले जाते, “जा, एक ट्रायल मारून ये.” पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. डोक्यावर हेल्मेट नसते, खिशात लायसन नसते आणि बाहेरच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर धावत असतात. ज्या ब्रेकवर अजून कोणीच विश्वास ठेवलेला नाही, त्याची पहिली फेरी त्याच्या वाट्याला येते. ती फेरी ज्याने काम केले त्याने मारावी, इमारतीच्या आवारात, चालण्याच्या गतीने, आधी गाडी हाताने ढकलून आणि मग पहिल्या गिअरमध्ये. गाडीचा मालक समोर उभा असेल, तर एवढे सांगायला त्याला मिस्त्रीची परवानगी लागत नाही.