उपटलंस खरं, आता बसव बघू

इकडे ये. तो पान्हा खाली ठेव आधी. आणि बाकीच्यांनी दात काढायचं काम नाही, उद्या हीच पाळी तुमच्यावर येणार आहे.

हे टेबलावर काय मांडलंयस? दोन्ही कार्बोरेटरचे जेट, नीडल, स्लाइड सगळं निवडलेल्या भाजीसारखं एकाच डबड्यात! यातली डावी स्लाइड कुठली आणि उजवी कुठली? बोल ना. मघाशी तर 'पटकन काढलं सर' म्हणून मिरवत होतास.

अरे, ही राजदूत 350 आहे. 1983 साली एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या आरडीवरून आणली. 347 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि दोघांना वेगवेगळे कार्बोरेटर. एवढी वर्षं प्रत्येक स्लाइड आपापल्या बॉडीत घासून बसलीय. अदलाबदल केलीस की एक अडकणार, दुसरी खडखडणार, आणि मग तू म्हणणार, 'गाडी आयडलला थांबत नाही हो.' कशी थांबेल? एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत टेकवून किती फेरे बसले ते लिहून ठेवलंस? नाही. वही कशाला दिलीय, वारा घ्यायला?

बाऊलच्या स्क्रूंकडे बघ. फुल्या खाल्ल्यास चारही! जपानी स्क्रूची फुली फिलिप्सपेक्षा वेगळी असते, तिला जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. फिलिप्स जोर लावताच वर उसळतो आणि डोकं गोल करून ठेवतो. तो ड्रायव्हर समोर फळीवर टांगलाय. तुला फक्त मान वर करायची होती.

आता हे बघ. नाही, जवळ ये, नखानं उघड. मॅनिफोल्डच्या रबराला ही चीर कुठून आली? क्लॅम्प पुरता सैल केला नाहीस, कार्बोरेटर हलेना म्हणून मागून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंस. जुनं रबर, कडक झालेलं, ते फाटणारच. आधी थोडं गरम करायचं, मग डावी-उजवीकडे हळू पिळत बाहेर घ्यायचं, हे गेल्या आठवड्यात याच टेबलावर दाखवलं होतं. तेव्हा तू मोबाइलमध्ये होतास.

'छोटीशी चीर आहे सर'? या चिरेतून फुकटची हवा आत जाणार. मिश्रणात पेट्रोल कमी पडणार, पिस्टन तापणार, फुगणार आणि सिलिंडरला धरणार. भर वेगात पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. क्लच वेळेत दाबला तर ठीक, नाहीतर माणूस रस्त्यावर. गाडीचा मालक घरून बायको-पोरांना बसवून निघाला असेल, तर?

आणि इंजिनाची तोंडं उघडीच! शेजारी ग्राइंडर चालू आहे. ते कण रीडवर बसले तर रीड मिटणार नाही, पुढे गेले तर थेट क्रँककेसमध्ये. टू-स्ट्रोक आहे ही, आत जाणारं सगळं क्रँकच्या अंगावरूनच वर जातं. एक स्वच्छ चिंधी कोंबायला किती वेळ लागतो?

बसवताना तरी डोकं जाग्यावर ठेव. हँडलवरून येणाऱ्या केबलला पुढे तीन फाटे आहेत. दोन कार्बोरेटरचे, तिसरा ऑइल पंपाचा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत आणि पंपाची खूण जुळली पाहिजे. पंप मागे राहिला तर तेल कमी पडून तोच पिस्टन जाम होणार.

आज काही बसवायचं नाही. स्लाइड त्यांच्या बॉडीत घालून बघ, जिथं सुळकन खाली उतरते तिथली ती. चिठ्ठी लाव. नवीन रबर मिळेपर्यंत गाडीला किक मारायची नाही. आणि गिऱ्हाइकाला फोन तूच लाव. 'रबर माझ्या हातून फाटलं' एवढंच सांग, माझं नाव पुढे करू नकोस.